टीव्हीच्या कार्यक्रमांचं छापील साप्ताहिक वर्गणी भरून घ्यावं का? (वडिलांसाठी विचारतेय)

अंगणवेल

नमस्कार मंडळी. इंदिरानगरहून लिहितेय. अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, माहिती हवी आहे.

अण्णा ८१ वर्षांचे. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. छापलेल्या कागदावर त्यांचा जीव. आमच्या पेपरात पूर्वी रोज टीव्हीचे कार्यक्रम यायचे. चहा झाला की अण्णा लाल पेन घेऊन बसायचे, दोन-तीन कार्यक्रमांना चौकट करायचे आणि पेपरची ती घडी टीव्हीखाली सरकवून ठेवायचे. संध्याकाळी बरोबर त्या वेळेला खुर्चीत हजर. पुढे तो रकाना आकसत गेला आणि एक दिवस बंदच झाला. अण्णा टीव्हीसमोर अजूनही बसतात, पण जे लागलेलं असेल तेच बघतात. मी सकाळी ऑफिसला निघताना जे चॅनल लावते, ते संध्याकाळी परत येते तेव्हाही चालूच असतं. हे इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. परवा आलं आणि फार लागलं.

दिवाळीत आतेबहीण लेस्टरहून आली होती. तिच्या पिशवीत 'रेडिओ टाइम्स'चा, म्हणजे इंग्लंडातल्या टीव्ही-रेडिओच्या कार्यक्रमांच्या साप्ताहिकाचा, एक अंक होता, विमानात वाचायला घेतलेला. त्यातला एकही कार्यक्रम इथे दिसणारा नाही, तरी अण्णांनी दोन दिवस तो हातातून सोडला नाही. दिवसाला दोन-दोन पानं, ओळीनं वेळा, चित्रपटांची वेगळी यादी. शेवटी म्हणाले, "असं काही आपल्याकडे निघत असेल तर वर्गणी भर. पैसे मी देतो."

शालिमारच्या दोन पेपर स्टॉलवर विचारलं, स्टेशनवर विचारलं. नाही म्हणाले. इथे कुणी असं साप्ताहिक घेतं का? पैसे वसूल होतात का? आणि घेत नसाल, तर तुमच्या घरची वयस्क माणसं कार्यक्रम कसे शोधतात?

सिडकोकर

ताई, नका भरू. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर गाइडचं बटण असतं, पुढच्या सात दिवसांचे कार्यक्रम दिसतात. फुकट. चॅनलनं वेळ बदलली की तिथे बहुतेक वेळा लगेच बदलते, कागदावर कशी बदलणार? अण्णांना दोन दिवस नीट बसून शिकवा, येईल त्यांना.

मखमलाबाद

सिडकोकरदादा, मी आईला दोन दिवस नाही, दोन महिने शिकवलं.

आईचा एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याचा निघायचाय. गाइड उघडलं की निळ्या पट्ट्यांवर बारीक पांढरी अक्षरं येतात. एका वेळी सहा-सात चॅनल. कार्यक्रमाचं नाव लांब असेल तर अर्धंच दिसतं. आई चष्मा वर करून जवळ जाते, वाचते, पुन्हा खुर्चीत येते, तोवर गाइड बंद झालेलं असतं. एकदा चुकून दुसरंच बटण लागलं आणि मालिका तामिळमध्ये बोलायला लागली. तेव्हापासून ती रिमोट हातात घेते आणि माझ्याकडे बघते. घरी कुणी नसेल तर रिमोटला हातच लावत नाही. अंगणवेलताईंनी लिहिलंय ते आमच्याही घरचंच आहे.

जुना_अँटेना

या धाग्यानं जुनी वही आठवली.

ऐंशीच्या दशकात आमचं घर पंचवटीत होतं. गच्चीवर उंच बांबू, त्यावर अँटेना, आणि वारा सुटला की एकानं वर जायचं, एकानं खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, पण आमच्या वाड्यात टीव्ही यायला त्यानंतर बारा वर्षं गेली.

रविवारी 'साप्ताहिकी' लागायची. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते निवेदिका सांगायच्या, मध्ये मध्ये चित्रपटाचा एखादा तुकडा. ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. दोनशे पानी वही, समासाच्या डावीकडे वार, उजवीकडे कार्यक्रम. निवेदिका पुढे जायच्या आणि मी मागे राहायचो, म्हणून खुणा ठरवल्या होत्या. नाटकाला 'ना', चित्रपटाला नुसता 'चि', गाण्यांना 'गा'. एखादी ओळ सुटली तर समोरच्या बिऱ्हाडातल्या ताईकडे धावायचं, कारण तीही लिहायची. दोघांच्या वह्या जुळल्या की मग वाड्यातल्या आज्या विचारायला यायच्या, "बुधवारी काय रे आहे?" मी सातवीत होतो. पण बुधवारी काय आहे हे अख्ख्या वाड्यात मला माहीत असायचं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

अण्णांना काय हवंय ते मला कळतंय. संध्याकाळी काय बघायचं ते त्यांना सकाळी ठरवायचंय.

गोदाकाठचा_वाचक

मी रोज सावानात बसतो (आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४०चं). त्या नादानं जुन्या नियतकालिकांबद्दल वाचत असतो, म्हणून थोडं लिहितो.

आपल्याकडे असं काही नव्हतंच असं नाही, फक्त ते रेडिओचं होतं. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं आणि त्याच महिन्यात 'इंडियन रेडिओ टाइम्स' निघालं. नाव विलायतेच्या पत्रिकेवरून घेतलेलं. २२ डिसेंबर १९३५पासून त्याच्या जागी 'इंडियन लिसनर' आलं, आधी पाक्षिक, १९५०पासून साप्ताहिक, आणि १९५८च्या जानेवारीत त्याचं नाव 'आकाशवाणी' झालं. बंगालीत 'बेतार जगत' होतं. कोणत्या केंद्रावर किती वाजता कोण गाणार, कोणता राग, हे सगळं त्यात छापलेलं असायचं. लोक वर्गणी भरून घ्यायचे. आज संगीताचे अभ्यासक हेच अंक शोधत फिरतात, कारण कोण कधी काय गायलं याची दुसरी नोंद अनेकदा सापडत नाही.

पंचवटीची_लेक

माहेर पंचवटी, गेली बावीस वर्षं इंग्लंडात. 'रेडिओ टाइम्स' आमच्या घरी येतो, म्हणून लिहिते.

त्याचा पहिला अंक २८ सप्टेंबर १९२३चा. तेव्हाचे वर्तमानपत्रवाले म्हणाले, कार्यक्रम छापायचे तर पैसे द्या. त्यावर बीबीसीनं स्वतःचंच साप्ताहिक काढलं. शेजारच्या आजोबांनी मला सांगितलं की १९९१च्या मार्चपर्यंत इथे दोन अंक घ्यावे लागत. 'रेडिओ टाइम्स'मध्ये फक्त बीबीसीचे कार्यक्रम, आयटीव्हीचे बघायचे तर 'टीव्ही टाइम्स'. हक्क ज्याचे त्याच्याकडे. आजोबा दोन्ही शेजारी उघडे ठेवून, पट्टीनं वेळ जुळवून बघायचे. १९८८चा नाताळचा अंक १ कोटी १२ लाखांहून जास्त खपला होता. तेवढा खप आता राहिलेला नाही, पण नाताळचा दुप्पट जाड अंक अजूनही घराघरांत येतो आणि लोक रंगीत पेनानं खुणा करत बसतात. माझ्या मुलांनीही हे उचललंय, प्रत्येकाचा रंग वेगळा.

अंगणवेल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: इथे राहणाऱ्याला परवडतो, कारण वेळापत्रकासोबत चित्रपटांवर नीट लिहिलेलं असतं, रेडिओचे कार्यक्रम असतात, शब्दकोडं असतं. नाशिकला मागवू नकोस. टपालानं पोहोचेपर्यंत तो आठवडा संपलेला असेल, आणि त्यातलं एकही चॅनल काकांच्या बॉक्सवर त्या वेळेला ते दाखवत नसेल. त्यांना तो अंक आवडला त्याच्या मांडणीसाठी. ती मांडणी घरी करता येईल का बघ.

सिडकोकर

मखमलाबादताई, भाषा बदलली तेव्हा तुमच्या आईंना किती घाबरल्यासारखं झालं असेल ते वाचून कळलं. बोलून चॅनल लावायचा रिमोट मिळतो, तो बघितलात का? नाव सांगितलं की लागतं.

मखमलाबाद

बघितला, दादा. आईचं बोलणं आजारपणानंतर थोडं जड झालंय. आम्हाला समजतं, रिमोटला समजत नाही. तीन वेळा सांगून झालं की ती गप्प होते. आणि नाव सांगायला आधी आज काय आहे ते माहीत हवं ना.

कागद_आणि_शाई

एका दैनिकात अकरा वर्षं पानं लावली. टीव्हीचा रकाना बरीच वर्षं माझ्याकडे होता, त्यामुळे तो का गेला ते सांगतो.

सुरुवातीला वेळापत्रकं फॅक्सनं यायची, पुढे ईमेलनं. कुणाचं इंग्रजीत, कुणाचं हिंदीत, कुणाचं आठवडाभराचं, कुणाचं फक्त उद्याचं. ते सगळं मराठीत करून इंचभर रुंदीच्या रकान्यात बसवायचं. चॅनल आठ होते तोवर गंमत होती. तीस झाल्यावर कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं यावर रोज वाद. आज देशात परवाना असलेली उपग्रह चॅनलं नऊशेच्या आसपास आहेत, ती कुठल्या पानात बसणार? त्यात चॅनलवाले दुपारी चित्रपट बदलायचे आणि आमचं पान गेलेलं असायचं. क्रिकेटचा सामना लांबला की पुढचं सगळं चुकायचं. सकाळी फोन यायचे, आणि ते बहुतेक वयस्क माणसांचेच असायचे. एक आजी दर महिन्याला फोन करून आधी माझी चौकशी करायच्या आणि मग म्हणायच्या, "बाळा, काल तुझं चुकलं."

साप्ताहिकाला तर हे आणखी जड. छापून, बांधून, टपालात टाकून घरी पोहोचायचं म्हणजे मजकूर किमान आठ-दहा दिवस आधी हातात हवा. मी स्वतः एकेकाळी टीव्हीवरच्या एका इंग्रजी मासिकाची वर्गणी भरली होती. वर्षात चार अंक आलेच नाहीत आणि आले ते महिना अर्धा उलटल्यावर. पत्रं लिहिली, उत्तर नाही. पैसे गेलेच, पण सवय लागलेली असताना अंक न येणं जास्त लागायचं.

अमेरिकेत 'टीव्ही गाइड' होतं, १९५३पासून. सत्तरच्या दशकात आठवड्याला दोन कोटींच्या जवळपास खप. त्याच्या १४० स्थानिक आवृत्त्या निघायच्या, कारण प्रत्येक गावी चॅनल वेगळं आणि नंबर वेगळा. २००५मध्ये त्यांनी त्या स्थानिक आवृत्त्या बंद केल्या. तेवढं मोठं साप्ताहिक जे चालवू शकलं नाही, ते आपल्याकडे कुणी नव्यानं सुरू करेल असं मला वाटत नाही. तुमच्या बॉक्सवर जे चॅनल एका नंबरवर, ते शेजारच्याकडे दुसऱ्याच नंबरवर.

द्वारका_सर्कल

नंबरांवरून आठवलं. आमचा केबलवाला पूर्वी झेरॉक्स केलेलं कार्ड द्यायचा, एका बाजूला चॅनलचे नंबर, दुसऱ्या बाजूला त्याच्या मुलाच्या किराणा दुकानाची जाहिरात. ते आम्ही टीव्हीच्या कडेला चिकटटेपनं लावलं होतं. नाशिकला केबल डिजिटल झाली ती दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ची मुदत होती. बॉक्स आले आणि नंबर तीन आकडी झाले. आजोबा म्हणाले, "बाराचं एकशे बत्तीस का झालं?" ते जुनं कार्ड त्यांनी शेवटपर्यंत काढू दिलं नाही.

रविवार_कारंजा

२०२०च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं होतं. सकाळी ९ आणि रात्री ९. आमच्या घरात तेव्हा कुणालाच वेळापत्रक लागलं नाही. आजी पावणेनऊला उदबत्ती लावायची.

जुना_अँटेना

रविवार_कारंजा, १९८७ला आमच्या वाड्यात पहिल्या भागाला टीव्हीला हार घातला होता. हार पडद्यावर आला म्हणून मागच्यांनी आरडाओरड केली, मग तो वर बांधला. अख्ख्या वाड्याला एकच टीव्ही.

मेथीचे_लाडू

मी वर्गणी भरत नाही, मी आठवड्याचा तक्ता घरीच करते. तीन वर्षं झाली. सासूबाईंसाठी सुरू केला, आता खालच्या मजल्यावरच्या काकूही नेतात. पंचवटीच्या लेकीनं मांडणीचं लिहिलं म्हणून कसा करते ते सविस्तर सांगते.

आधी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला खरं काय काय बघायला आवडतं? त्यांनी नऊ चॅनल सांगितली. म्हणजे नऊशेचा प्रश्न तिथेच मिटला. शनिवारी संध्याकाळी चॅनलांच्या साइटवरून आणि बॉक्सच्या गाइडमधून आठवड्याचे कार्यक्रम उतरवते. लीगल आकाराचा कागद आडवा, अक्षर वीस पॉइंट, त्याहून लहान नाही. दिवसाचे चारच भाग: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पहिल्यांदा मी तास-तासाचे रकाने केले होते, त्यात त्या हरवायच्या. कार्यक्रमाच्या नावाआधी आमच्या बॉक्सवरचा नंबर, जाड ठशात, कारण त्यांना बटणं दाबायची असतात ती नंबराचीच. रिमोटवर फक्त आकडे आणि आवाजाची दोन बटणं उघडी ठेवलीत, बाकीच्यांवर जाड चिकटपट्टी लावलीय. मखमलाबादताई, हे तुमच्या आईंसाठी आजच करा, भाषा बदलायची भीती जाईल.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामा चौकोन, खूण करायला. हा चौकोन सासूबाईंनी मागून घेतला. पहिल्या तक्त्यात नव्हता, तर त्या नावाखाली रेघ ओढायच्या आणि पुढचं नाव खोडलं जायचं.

एकदा रात्रीतून बॉक्सवरचे नंबर बदलले. सकाळी सासूबाईंनी तक्त्यावरचा नंबर दाबला आणि लागलं शेअर बाजाराचं चॅनल. त्या दिवशी मी ऑफिसातून दुपारी घरी येऊन नवीन तक्ता काढून दिला. दोन पानांच्या झेरॉक्सचा खर्च आहे आणि माझा पाऊण तास. या पाऊण तासाची मला कधी कुरकुर वाटली नाही, कारण शनिवारी त्या पाच वाजल्यापासून कागदाची वाट बघत असतात.

सिडकोकर

मेथीताई, हे मला सुचलं नसतं. मी वर "दोन दिवस शिकवा" लिहिलं ते घाईनं लिहिलं, अण्णांना गाइड जमणार नसेल तर तो त्यांचा दोष नाही. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा साचा करून देऊ शकतो, चॅनलचे नंबर एका ठिकाणी बदलले की सगळ्या आठवड्यात आपोआप बदलतील. कुणाला हवा असेल तर सांगा.

कागद_आणि_शाई

साचा करताना एक बघा. रात्री बारानंतरचा कार्यक्रम कोणत्या वारात टाकायचा यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका व्हायच्या. चॅनलवाले शनिवारी रात्री साडेबाराचा चित्रपट रविवारात देतात, माणूस तो शनिवारी रात्रीच शोधतो. तो शनिवारच्याच शेवटी टाका.

अंगणवेल

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

वर्गणी कुठेच भरली नाही. तुमचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. जुना_अँटेनांच्या वहीचं दोनदा वाचायला लावलं आणि 'चि' आणि 'ना' ऐकून बराच वेळ बोलत बसले. आईही रविवारी लिहून घ्यायची म्हणे, गॅसच्या कार्डाच्या मागे. मला हे माहीतच नव्हतं.

मग सिडकोकरदादांच्या साच्यावर मेथीताईंच्या पद्धतीनं तक्ता केला. अण्णांनी चॅनल निवडली सात. दोन मराठी, दूरदर्शन, जुन्या चित्रपटांचं एक, बातम्यांचं एकच, प्राण्यांचं एक आणि एक कीर्तन-प्रवचनाचं. मला वाटलं होतं बातम्या दिवसभर हव्या असतील, कारण दिवसभर त्याच चालू असायच्या. त्यांना संध्याकाळी सातच्याच हव्या होत्या. बाकीचा वेळ ते माझ्या सकाळच्या घाईत लागलेलं चॅनल ऐकत होते.

पहिल्या शनिवारी कागद हातात दिला तेव्हा त्यांनी आधी तो उजेडाला धरला, बोटानं चोळून शाई बघितली आणि म्हणाले, "टोनर कमी आहे." मग लाल पेन मागितलं. आठवड्याला नऊ-दहा खुणा असतात. एरवी टीव्ही बंद असतो. दुपारी मी फोन केला तर आता मागे आवाज नसतो.

एक नवीन काम मात्र लागलंय. अण्णा तक्त्याच्या समासात दुरुस्त्या करतात. "१२.०० नव्हे, १२.१२ला सुरू." "जाहिराती धरून ३ तास २० मि." आणि आता सांगितलंय की सुरू होण्याच्या वेळेसोबत संपण्याची वेळही हवी, म्हणजे जेवायला कधी बसायचं ते ठरवता येईल.

मखमलाबाद

अंगणवेलताई, संपण्याच्या वेळेचा रकाना आईलाही हवाय. चिकटपट्टीचा रिमोट तिनं परवा पहिल्यांदा एकटीनं वापरला, मी बाजारात गेले होते. तुमची फाइल पाठवाल का? आमच्या बॉक्सचे नंबर मी भरून घेते.

अंगणवेल

आत्ताच पाठवली. गुरुवारची दुपारची ओळ तेवढी तपासून घ्या, अण्णांनी तिथे लाल पेनानं प्रश्नचिन्ह केलंय आणि ते बहुतेक बरोबरच असणार.